गरोदर भगिनीची सुटी ही चैन नव्हे!

विक्रोळीहून एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. पत्रावर 'जयभीम' आहे, खाली नाव आहे, पण ते छापू नये अशी तिची विनंती असल्याने आम्ही ते छापत नाही. भगिनीला सहावा महिना चालू आहे. पहिलेच बाळंतपण. कपड्याच्या एका मोठ्या दुकानात ती गल्ल्यावर काम करते. दिवसाचे नऊ तास उभे राहायचे, जेवणाची सुटी अर्धा तास. नवरा कंत्राटी ड्रायव्हर आहे. लग्नाला दोन वर्षे झाली, पण ही दोघे लग्न-मयत सोडली तर घराबाहेर कुठे गेलेली नाहीत. आता दोघांनी ठरवले आहे की, शनिवार-रविवार दोन दिवस कर्जतजवळच्या दहिवलीला जाऊन राहायचे. उल्हास नदीच्या काठी बसायचे, झोपायचे, मोकळ्या हवेत थोडे चालायचे आणि परत यायचे. एवढाच बेत.

या एवढ्याशा बेताला तीन बाजूंनी आडकाठी आली. सासूबाई म्हणाल्या, ''आम्ही नवव्या महिन्यापर्यंत डोक्यावर पाट्या वाहिल्या, आम्हाला कुठे हवा पालटावीशी वाटली? पोर होण्याआधीच चैन सुचते का?'' शेजारच्या बाईंनी सांगितले की, पोटुशी बाईने नदी ओलांडू नये आणि दहिवली तर नदीपलीकडे. तिसरी आडकाठी आली फोनवरून. कर्जत भागातल्या एका फार्महाऊसवाल्याने भाडे सांगितले, खोली रिकामी आहे म्हणून सांगितले, मग आडनाव विचारले आणि पंधरा मिनिटांनी खोली भरली! भगिनी विचारते, 'आमचे काही चुकते आहे काय? चळवळीतल्या घराने असे पैसे उडवावेत काय?'

ज्या पानावर अत्याचाराच्या, आरक्षणाच्या, जमिनीच्या प्रश्नांवर लिहायचे, तिथे सहलीवर अग्रलेख कशाला, असे काही वाचक म्हणतील. म्हणोत बापडे. आमच्या मते या पत्रातले तिन्ही प्रश्न चळवळीचेच प्रश्न आहेत. बाईचा आराम, नदी ओलांडण्याची भीती आणि आडनावाची चौकशी यांतला एकही प्रश्न घरगुती नाही.

प्रथम सासूबाईंचे म्हणणे घेऊ. त्यांची आम्ही टिंगल करणार नाही. नवव्या महिन्यापर्यंत पाट्या वाहणारी ती माउली खोटे बोलत नाही. आमच्या आयाबहिणींनी खडी फोडली, माल वाहिला, गिरणीत साचे चालवले आणि कळा सुरू झाल्यावरच हातातले काम खाली ठेवले. पण तिने सोसले म्हणून सुनेनेही सोसावे, हा कुठला न्याय? सोसणे ही काही वतनाची जमीन नाही की जी सासूकडून सुनेकडे वारसाहक्काने जावी. वतने तर आपण टाकून दिली आहेत!

आणि सासूबाईंच्या सोसण्याचा हिशोब बाबासाहेबांनी फार पूर्वीच मांडला होता. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतील कामगार स्त्रियांच्या प्रसूती भत्त्याच्या विधेयकावर ते उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला काही काळ विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. त्या विश्रांतीचा बोजा मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे, परंतु जो मालक तिच्या श्रमावर नफा मिळवतो त्यालाही त्यातून सुटका नाही, असे त्यांनी बजावले. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. असा कायदा करणारा हा देशातला पहिला इलाखा. बाबासाहेब तेव्हा ३७ वर्षांचे होते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन जेमतेम दीड वर्ष लोटले होते. तळ्याचे पाणी आणि बाळंतिणीचा आराम हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकाच दमात हाती घेतले होते, हे आम्हाला विसरता येत नाही. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, तेव्हा खाणीत राबणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती भत्त्याच्या कायद्यात त्यांनी दुरुस्त्या करून घेतल्या. १९४५ च्या फॅक्टरी दुरुस्ती कायद्याने कामगाराला वर्षाकाठी दहा दिवसांची भरपगारी सुटी मिळाली. तिचे विधेयकही मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनीच मांडले होते.

म्हणजे भरपगारी सुटी बाबासाहेबांची. आणि रविवार कोणाचा? तो इंग्रजांनी खैरात म्हणून दिला, असे अजूनही अनेक शिकलेल्यांना वाटते. रविवार हा रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचा. जोतीराव फुल्यांचा हा सत्यशोधक सहकारी 'दीनबंधु' चालवी आणि १८८४ पासून गिरणी कामगारांची बाजू घेऊन झगडत होता. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. आज ज्या शनिवार-रविवारला इंग्रजीत 'वीकएंड' म्हणून मिरवले जाते, त्यातला रविवार सत्यशोधकांच्या घामाचा आहे. तो आमच्याच घरातली बाई वापरते, तेव्हा त्याला चैन म्हणायचे काय?

खरे तर सुटीला चैन म्हणणारी भाषा आमची नव्हेच. ह्यू मॅलेट या कलेक्टरसाहेबाने १८५० मध्ये माथेरान शोधले, असे पुस्तकांत लिहितात. जणू तिथले ठाकर-कातकरी तोवर डोळे मिटून बसले होते! मग साहेब आले, शेटजी आले, भटजी आले. त्यांनी हवा पालटली आणि त्यांची ओझी आमच्या लोकांनी डोंगरावर चढवली. हवा पालटणारा वेगळा आणि ओझे वाहणारा वेगळा, अशी ही विभागणी. इतकी पिढ्यान्‌पिढ्या मुरली की ओझे वाहणाऱ्यालाच आता हवा पालटणे पाप वाटू लागले. आमच्या लेखी मात्र माथेरान म्हणजे भाई कोतवालांचे गाव. न्हावी समाजातला हा तरुण २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रजांशी लढताना हुतात्मा झाला. त्याच माथेरानमध्ये माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा आमच्या काळापर्यंत चालू राहिली. शेवटी ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला न शोभणारी असल्याचे सांगून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. आमच्या भगिनीने माथेरान न निवडता दहिवली निवडली हे बरेच झाले. सहाव्या महिन्यात घोड्यावर बसायचे नाही आणि माणसाच्या घामावर तर कधीच बसायचे नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला स्वच्छ बोलली पाहिजे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या कितीतरी गरोदर भगिनी अनारक्षित डब्यात दाटीवाटीने बसून नागपूरच्या दीक्षाभूमीला जातात. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास उभ्या राहतात. तेव्हा त्यांना कोणी चैन सुचली म्हणत नाही, प्रकृतीची काळजीही फारसे कोणी करत नाही. लेकीसुनांनी दुसऱ्यासाठी, घरासाठी, समाजासाठी कष्टाचा प्रवास केला तर चालतो. ती स्वतःसाठी, केवळ पाय लांब करून बसण्यासाठी निघाली की खटकते. सासूबाईंना तीन-चार हजार रुपये खुपत नाहीत. सून स्वतःच्या देहाचा विचार करते आहे, हे खुपते. जयंतीला डीजेवर जे उडते, त्याचा हिशोब कोणती सासू मागते?

आता नदी ओलांडण्याची भीती. कर्जत स्टेशनवरून दहिवलीला जायचे तर उल्हास ओलांडावी लागते हे खरे. मग पूल कशाला बांधला आहे? पोटुशी बाईने नदी ओलांडू नये, वेस ओलांडू नये, तिन्हीसांजेला बाहेर पडू नये, ग्रहणात चिरू-कापू नये, या सगळ्या 'नये'मध्ये बाईला घरात कोंडण्यापलीकडे काही नाही. होडी आणि उतार एवढेच साधन होते, तेव्हा नदीची भीती खरी होती. तेव्हाची काळजी आज अंधश्रद्धा होऊन बसली आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी हे बोलले जाऊ नये. आणि ज्यांना दाखलाच हवा त्यांनी महामायेची कथा आठवावी. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ती सांगितली आहे. दिवस भरत आले तेव्हा महामायेने माहेरी, देवदहाला जाण्याची इच्छा सांगितली. शुद्धोदनाने नाही म्हटले नाही, तिच्या प्रवासाची व्यवस्था केली. वाटेत लुंबिनीच्या वनात फुललेली झाडे पाहण्यासाठी ती थांबली आणि तिथेच सिद्धार्थाचा जन्म झाला. गरोदर बाईच्या इच्छेला मान देणारा नवरा आणि फुललेली झाडे पाहायला थांबणारी बाई आपल्या धम्माच्या पहिल्याच पानावर आहे! मात्र त्याच कथेत पुढे सातव्या दिवशी ती माउली गेली, हेही विसरू नये. ज्यांच्या धम्मात आपण आहोत त्या तथागतांची आई बाळंतपणानंतर आठवड्याभरात गेली. दिवस भरत आल्यावर लांबचा प्रवास नको, हा शहाणपणाही त्या कथेतूनच घ्यावा. चौथा ते सहावा महिना हा प्रवासाला सर्वात बरा काळ असे डॉक्टर सांगतात. आमची भगिनी अगदी योग्य वेळी निघते आहे.

तिसरा प्रश्न आडनावाचा. या अनुभवाने भगिनी खचली आहे. आम्हाला मात्र १९३४ आठवते. चळवळीतल्या सहकाऱ्यांच्या मनात आले की सगळ्यांनी मिळून सहलीला जावे, वेरूळची बौद्ध लेणी पाहावीत. बाबासाहेबांनी होकार दिला आणि तीसेक मंडळी निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला ती थांबली. धुळीने माखलेले हातपाय त्यांनी तिथल्या हौदाच्या पाण्याने धुतले एवढ्यावरून पाणी बाटवल्याचा गलका झाला, शिव्या दिल्या गेल्या, प्रकरण हातघाईवर यायचे राहिले. किल्ला पाहू दिला तोही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि सोबत शिपाई देऊन. म्हणजे चळवळीची सहलही चळवळीचाच भाग झाली! बाबासाहेबांनी हे आपल्या आठवणींत लिहून ठेवले. त्याच आठवणींत त्यांनी काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. ती त्या शिक्षकाच्याच पत्राच्या रूपाने १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त आली होती. त्याची बायको बाळंत झाली, दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. मिनतवाऱ्या केल्यावर दोन रुपये फी घेऊन आला तो वस्तीच्या बाहेरच उभा राहिला. बाईला शिवायला नको म्हणून तापाची नळी एका मुसलमानाच्या हातून तिच्या नवऱ्याकडे दिली गेली. ती बाई वाचली नाही. सहल आणि बाळंतपण हे दोन्ही विषय बाबासाहेबांनी एकाच आठवणवहीत का लिहिले, हे ज्याला कळते त्याला आमचा हा अग्रलेख अस्थानी वाटणार नाही.

तेव्हा त्या फार्महाऊसवाल्याच्या दारात पुन्हा जायची गरज नाही. भगिनीच्या नवऱ्याच्या एका धम्मबांधवाचे दहिवलीला घर आहे, वरची खोली रिकामी आहे, भाडे परवडणारे आहे, असे तिनेच पत्राच्या शेवटी लिहिले आहे. तिथेच जावे. पण फुकट राहू नये, ठरलेले पैसे द्यावेत. आणि यातून आमच्या कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर भागातल्या वाचकांना एक गोष्ट सुचवावीशी वाटते. शनिवार-रविवार मुंबईचा सारा पैसा तुमच्या तालुक्यात येतो आणि फार्महाऊसवाल्यांच्या गल्ल्यात जातो. आमच्या लेकी तिथे चादरी धुतात. ज्यांच्या घरी एक स्वच्छ खोली, संडास-न्हाणीघर आणि भाकरी भाजणारे हात आहेत, त्यांनी पाहुणे का ठेवू नयेत? पर्यटन खात्याची निवास व न्याहारी योजना आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने स्त्रियांसाठी पर्यटन धोरण आणले, त्याचे नावच 'आई' आहे. त्यात स्त्रीच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळण्याची तरतूद आहे. सरकारने धोरणाला 'आई' नाव दिले, आता आमच्या आयांनी त्याचा फायदा घ्यावा. अशा घरात आडनाव विचारले जाणार नाही.

आता बेताचे बोलू. चार हजारांच्या आत दोन दिवस बसवायचे तर पैसे आजच उभे करायला नकोत. दिवस राहिल्याचे कळल्यापासून महिन्याला हजार बाजूला टाकले तरी सहाव्या महिन्यापर्यंत तेवढे साठतात. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून ही मोहीम चालू आहे. त्या दिवशी रक्त, रक्तदाब पाहून घ्यावा आणि मग तारीख ठरवावी. रक्तदाब जास्त असेल, अंगावरून जात असेल, वार खाली असेल, जुळे असेल किंवा आधी गर्भपात झाला असेल, तर दहिवली कुठे पळून जात नाही. पुढे बाळाला घेऊन जावे.

विक्रोळीला जलद गाड्या थांबत नाहीत. धिम्या गाडीने ठाण्याला यावे आणि तिथे कर्जतची गाडी धरावी. शनिवारी सकाळी मुंबईची गर्दी मुंबईकडे धावत असते, कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत बसायला मिळण्याची आशा जास्त. लोकलमधल्या अपंगांसाठी राखीव डब्यातून गरोदर स्त्रीलाही प्रवास करता येतो. डॉक्टरचा कागद जवळ ठेवावा म्हणजे कोणाशी हुज्जत घालावी लागत नाही. लोकलला शौचालय नसते, ही गोष्ट बायकांनाच कळते. ठाण्याला गाडी धरण्यापूर्वी जाऊन यावे. पुढे दीड तासाच्या आसपास प्रवास आहे. लघवीला लागेल म्हणून पाणी पिणे बंद करण्याची आपल्या बायकांची सवय मात्र गरोदरपणात घातक आहे. दुपारी उशिरा निघून गर्दीत लोंबकळत जाण्यापेक्षा सकाळीच निघावे. आणि रविवारी परतायचे तर मेगाब्लॉक कुठे आहे हे शनिवारच्या पेपरात पाहून ठेवावे. नाहीतर दोन दिवसांचा आराम ठाण्याच्या जिन्यावर संपायचा!

कर्जतला उतरले की बटाटेवड्याच्या हाका कानावर येतील. एखादा खावा, आमची हरकत नाही. पण दोन दिवसांची चपाती-भाजी, भाजलेले शेंगदाणे, गूळ, केळी बरोबर असावीत. उघड्यावरचे पाणी, बर्फाचे गोळे नकोत. लोहाच्या गोळ्या बरोबर घ्याव्यात आणि त्या चहाबरोबर गिळू नयेत, चहाने लोह अंगी लागत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत वरच ठेवावे. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, ते कुठे आहे हे गेल्या गेल्या विचारून ठेवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. अंगावरून पाणी किंवा रक्त जाऊ लागले, डोके असह्य दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा-हात सुजले, बाळाची हालचाल कमी वाटली तर 'सकाळी बघू' म्हणायचे नाही. २०११ पासून सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रीला उपचार, औषधे आणि वाहन मोफत देण्याचा कार्यक्रम आहे, हे ठाऊक असावे आणि मागताना आवाज खाली नसावा.

तिथे जाऊन करायचे काय? काहीच नाही. तेच तर हवे आहे. नदीकाठी सावलीत बसावे, पाण्यात उतरू नये, दगड शेवाळलेले असतात. संध्याकाळी डासांपासून अंग झाकावे, रात्री मच्छरदाणी लावावी. आपली लेणी पाहण्याचा मोह होईल. दहिवलीपाशी जी उल्हास वाहते तीच वरच्या अंगाला कोंढाण्याच्या लेण्यांखालून येते. इसवीसनापूर्वीचा तो चैत्य. लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल पाषाणात केलेला. कण्हाचा शिष्य बलक याने ते काम केल्याचा ब्राह्मी लेख तिथे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव आजही वाचता येते! पण तिथे जायला रानातून चढ चढावा लागतो. सहाव्या महिन्यात तो नको. काठावर बसून नवऱ्याने तिला बलकाची गोष्ट सांगावी, एवढे पुरे. कर्जतला आणखी एक गंमत पाहता येते. घाट चढण्यापूर्वी पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना इथे मागून जादा इंजिने लागतात. लोखंडाच्या गाडीलाही चढाला मागून आधार लागतो, यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

हे सारे आम्ही थंडीतल्या प्रवासाबद्दल लिहितो आहोत. सहा डिसेंबरची गर्दी ओसरल्यावरचा कोणताही शनिवार चांगला. पावसाळ्यात मात्र हा बेत कोणीही करू नये. २०१९ च्या जुलैत याच उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली होती. हजारावर प्रवासी रात्रभर पाण्यात वेढले गेले. त्यांत नऊ गरोदर स्त्रिया होत्या. जवानांनी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढले, पण त्या नऊ जणींची रात्र कशी गेली असेल! आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. धबधबे पाहायला येणाऱ्यांच्या पावसाळ्यात डोंगरातल्या ठाकरवाडीचा पावसाळा असा असतो.

वाडीचे नाव निघाले म्हणून आणखी थोडे. दहिवलीत बसल्यावर आजूबाजूला पाहिले तर भगिनीला कदाचित तिच्याच महिन्याची दुसरी एक बाई दिसेल. वीटभट्टीवर माती तुडवणारी, विटा वाहणारी कातकरी बाई. तिला ना शनिवार, ना रविवार. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. पण तिचा लाभ घ्यायचा तर बारा महिन्यांत ८० दिवस काम केल्याचा पुरावा लागतो, हजेरीपट लागतो, मालक लागतो. भट्टीवर जोडप्याच्या नावाने उचल असते, बाईचे नाव कुठेच नसते. घरकामाच्या बाईचे तेच, नाक्यावरच्या बाईचे तेच. बीड जिल्ह्यात ऊसतोडीचा खाडा पडू नये म्हणून बायकांनी गर्भाशये काढून टाकल्याचे उघड झाले, तेव्हा २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. १९२८ साली बाबासाहेबांनी जे गिरणीतल्या बाईसाठी मागितले, ते भट्टीवरच्या, उसाच्या फडातल्या बाईपर्यंत अजून पोचलेले नाही. आमच्या भगिनीला तिच्या दुकानात हजेरीपट आहे काय? कामगार विम्याचे कार्ड आहे काय? २६ आठवडे मिळणार आहेत काय? पत्रात याबद्दल एक अक्षर नाही. दहिवलीहून परतल्यावर सोमवारी पहिली चौकशी ही करावी. मालकाने टाळाटाळ केली तर आम्हाला कळवावे, युनियनच्या कार्यकर्त्यांशी गाठ घालून देणे आमच्याकडे लागले. आणि त्या कातकरी बाईशी दोन शब्द बोलून, तिची नोंद दवाखान्यात झाली आहे का, आशाताई येते का, एवढे विचारून यावे.

भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले. तुमचे काही चुकत नाही, जरूर जा. फक्त बेतात एक बदल सुचवतो. सासूबाईंनाही बरोबर न्या. नवव्या महिन्यापर्यंत पाट्या वाहिलेल्या त्या बाईला उभ्या आयुष्यात कोणी विचारले आहे काय की, चला, दोन दिवस नदीकाठी जाऊन बसू? एक तिकीट वाढेल, खोली तीच राहील, भाकरी त्या स्वतःच बांधून घेतील. चार हजार ओलांडले तरी पाच-सहाशेनेच. सुरुवातीला त्या नाहीच म्हणतील. एकदा म्हणतील, दोनदा म्हणतील. मग बोचके बांधायला लागतील.